वरच्यावाडीतील रांजणांचे पाणी ओतू देण्याबाबत

प्रति,
मा. प्रकल्प अधिकारी (डॉक्टर साहेब),
डासजन्य ज्वर अभ्यास प्रकल्प,
कॅम्प रत्नागिरी.

अर्जदार : गंगाराम भागोजी पाष्टे, धंदा शेती, पूर्वी गिरणी कामगार,
राहणार मौजे काजरोळी, वरचीवाडी, पोस्ट मालगुंड, ता. जि. रत्नागिरी.

विषय : वरच्यावाडीने डास पाळावेत ही आपली अट रद्द होणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचा जून महिन्यातील अर्ज.
२) त्यास आलेले आपले उत्तर, ज्यात सर्व जबाबदारी ग्रामदेवतेवर टाकण्यात आली आहे.

महोदय,

अर्जदार आपल्या सेवेशी नम्रपणे सादर करतो की, या अर्जात जिथे जिथे 'नम्र' हा शब्द येईल तिथे तो केवळ रिवाज म्हणून आला आहे असे समजावे. अर्जदाराच्या अंगात सध्या तेवढा नम्रपणा शिल्लक नाही. तो का नाही, हे आपल्या ध्यानात यावे एवढ्याचसाठी हा कागद खर्ची घातला आहे.

१. अर्जदाराने उमेदीची सगळी वर्षे मुंबईस गिरणीत मागाच्या साच्यावर उभे राहून काढली असून, संप फिसकटल्यावर तो गावी येऊन भात लावतो. गिरणीत तो कमिटीवर होता. मालकास अर्ज लिहिणे हे त्याचे काम. मालकाने ते कधी वाचले नाहीत ही गोष्ट वेगळी, परंतु अर्ज कसा लिहावा आणि उत्तर कसे टाळले जाते या दोन्ही विद्या तो तिथे शिकला. त्यामुळे आपले उत्तर आले तेव्हा त्यात काही नवीन वाचायला मिळेल अशी त्याची अपेक्षा नव्हती. पण मिळाले. इतक्या वर्षांत मालकाने सुद्धा कधी देवावर ढकलले नव्हते.

२. जूनमध्ये, पाऊस सुरू होण्याआधी, अर्जदाराने एवढेच मागितले होते की, वरच्यावाडीतही डासांचा बंदोबस्त करावा. गेल्या पावसात हाडमोड्या ताप, ज्याला आपण डेंग्यू म्हणता, तिथे घरोघर फिरून गेला आणि अर्जदाराची सून कमळा त्यातून जेमतेम उठली. त्यावर आपण सहीशिक्क्यानिशी कळवता, "सदर वाडीची निवड आपल्याच ग्रामदेवतेच्या कौलाने, समस्त ग्रामस्थांसमक्ष व कोणाही अधिकाऱ्याच्या हस्तक्षेपाविना झालेली असल्याने त्याबाबत या कार्यालयास फेरविचार करता येत नाही. दोन पावसाळे पुरे होईपर्यंत वाडीची स्थिती आहे तशी राखणे अभ्यासाच्या दृष्टीने आवश्यक आहे. सहकार्याबद्दल आभार."

साहेब, शिकलेला माणूस देवाचे नाव पुढे करतो तेव्हा एक तर त्याचा पाय अडकलेला असतो, नाहीतर त्याला दुसऱ्याचा अडकवायचा असतो. आपण कोणत्या कारणाने केले ते आपले आपण ठरवावे.

३. आता त्या कौलाबद्दल. आमच्या गावात दोन वाड्या, वरची आणि खालची, मधून पऱ्या वाहतो. शिमग्याची पालखी आधी कोणाच्या दारी न्यायची इथपासून विहीर कुठे खणायची इथपर्यंत गावाचे सगळे वाघजाईला विचारून चालते. दादू गुरव देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या कळ्या चिकटवतो, गाऱ्हाणे घालतो, आणि कुठली कळी आधी सुटते ते सारा गाव श्वास धरून बघतो. एकदा कळी पडली की त्यावर कोणी बोलत नाही. बोलणाऱ्याला कोणी मारीत नाही, पण त्याच्या घरात पुढे काही वाईट घडले की सगळे त्याच्याकडे बघतात.

गेल्या वर्षी वैशाखात आपण जीप घेऊन आलात आणि देवळाच्या मंडपात सभा घेतलीत. आपण म्हणालात, गावात डासांचा अभ्यास व्हायचा आहे, दोन्ही वाड्यांत आमची माणसे येतील, एकीत एक पद्धत राहील, दुसरीत दुसरी, आणि कुठे कोणती ते चिठ्ठ्या टाकून ठरवू म्हणजे वशिल्याचे नाव नको. त्या पद्धती कोणत्या ते आपण सांगितले नाहीत आणि आम्ही विचारले नाही. जीपमधून आलेल्या माणसाला आमच्याकडे तपशील विचारीत नाहीत, चहा विचारतात.

तेव्हा दादू गुरव म्हणाला, "चिट्टी कशाला टाकताव? देवी बसलेली हाय ना. तिला इचारू."

आपणास ही कल्पना फार आवडली. माणसाचा हात नाही, म्हणालात, याहून चांगले काय. मग सहायकाकडे वळून आपण इंग्रजीत काही बोललात आणि दोघेही हसलात. काय बोललात ते अर्जदारास पुढे वर्षाने आपल्याच ड्रायव्हरकडून कळले. उजवी कळी पडली तर औषध खालच्यावाडीला करायचे आणि वरचीवाडी तशीच सोडून नुसती बघायची, असे आपले ठरले. इकडे दादूने गाऱ्हाणे घातले ते असे : "बाये वाघजाय, ह्ये सायेब आपल्या गावाच्या भल्यासाटी आल्येत. त्यांच्या कामाचा पयला मान वरच्यावाडीला देवचा असंल तर उजवी सोड, खालच्यावाडीला देवचा असंल तर डावी सोड." आणि सारा गाव म्हणाला, "व्हय म्हाराजा."

देवीने उजवी सोडली. म्हणजे देवीला एक विचारले गेले आणि आपल्या माणसाने दुसरेच टिपून घेतले. दादूला हे कळल्यावर तो म्हणाला, "देवी चुकली नाय. तिला इचारलाव काय आनि सायबान घेतलान काय, ता बगा." दादू लिहायला शिकला असता तर हा अर्ज एवढा लांबला नसता.

त्या दिवशी वरच्यावाडीने नारळ फोडले. खालच्यावाडीला नीट ऐकू जाईल अशा बेताने ढोल वाजवला. आपणास कोंबडी-वडे जेवू घातले आणि आपण वडे दोनदा मागून घेतलेत. कोंबडा अर्जदाराचा होता. त्याचे दुःख नाही, परंतु आपण कशाचे जेवण घालतो आहोत हे घालणाऱ्याला ठाऊक असावे असा आमच्याकडे संकेत आहे.

४. त्यानंतर खालच्यावाडीत रांजणांना कापडी झाकणे आली. पाण्यात टाकायच्या औषधाच्या पुड्या आल्या, विहिरीत गप्पी मासे आले, धूर सोडणारे यंत्र आले आणि त्या यंत्रामागून धावायला खालच्यावाडीची झाडून सगळी पोरे आली. वरच्यावाडीत आपली दोन माणसे आली. त्यांच्याजवळ एक बॅटरी, एक पळी आणि एक बाटली होती. ती रांजणात बॅटरी मारीत, पळीने पाणी काढीत, त्यातल्या वळवळत्या अळ्या मोजीत, एखाददुसरी बाटलीत घालीत आणि उरलेल्या पुन्हा आमच्या रांजणात सोडीत. या शेवटच्या बाबीकडे अर्जदार आपले विशेष लक्ष वेधू इच्छितो.

आम्ही विचारले, आमचे औषध कधी? उत्तर मिळाले, तुमचे मागाहून. खेड्यातल्या माणसाला या शब्दाची सवय असते. एस. टी. मागाहून, वीज मागाहून, मास्तर मागाहून. म्हणून त्यात कोणास काही वावगे वाटले नाही.

५. वरचीवाडी सड्यावर, उंच उघड्या कातळावर आहे. कातळात विहीर लागत नाही, लागली तर होळीनंतर तिचा तळ दिसतो. म्हणून घरोघर रांजण, पिंप, हंडे भरून ठेवायचे आणि पावसात पागोळ्यांचे पाणी धरायचे, ही आमची जुनी वहिवाट. हा डास गटारातला नव्हे, तो असल्या साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि दिवसाढवळ्या चावतो, हे आपण शिकवलेत. त्याबद्दल आभारी आहे. अर्जदाराची पत्नी गोदा हिला शास्त्र ठाऊक नाही, तिला फक्त किळस येते. पाण्यात काही वळवळले की ते पाणी माडाच्या बुंध्यात ओतायचे, रांजण राखेने घासून उन्हात पालथा घालायचा, एवढेच ती जाणते.

असाच तिने एकदा रांजण पालथा घातलेला असताना आपला माणूस आला आणि म्हणाला, "आजी, पाणी ओतू नका, आकडा बिघडतो."

गोदा म्हणाली, "माज्या घरातला पानी. मी ओतीन नायतर ठेवीन. तुज्या बापाशीचा काय जाताय?"

तो पोरगा शहाणा निघाला. तो गोदाशी भांडला नाही, दादू गुरवाकडे गेला. दादू येऊन अंगणात उभा राहिला आणि म्हणाला, "गोदावैनी, कौल झालेला हाय. सायेब सांगतील तसा ऱ्हावचा. देवीच्या शब्दाभायर जाव नुको." गोदाने दादूकडे पाहिले, रांजण सरळ केला आणि भरला. त्या दिवसापासून वरच्यावाडीने आपले डास जपले. कोणी सून जपणार नाही इतके जपले. पुढल्या सभेत आपणच म्हणालात की, इतकी आज्ञाधारक वाडी आपल्याला आजवर कुठे भेटली नव्हती. आम्ही टाळ्या वाजवल्या.

६. माशांचे प्रकरणही येथे नमूद करणे भाग आहे, कारण त्याबद्दल अर्जदाराच्या घरास ताकीद मिळालेली आहे. अर्जदाराची सून कमळा ही वेळणेश्वरकडची, दर्याकाठची. मासा म्हटला की तिला कोणाची भीती नाही. ती खालच्यावाडीच्या विहिरीवर गेली, कळशीतून मूठभर गप्पी मासे घेऊन आली आणि रांजणात सोडून मोकळी झाली. सासूने विचारले, कौलाचे काय? तर म्हणाली, "देवीन सायबाच्या कामाचा सांगितलान. माशांचा काय बोललान नाय."

पुढच्या खेपेस आपल्या माणसांनी बॅटरी मारली, मासे दिसले. त्यांनी ते जाळीने एकेक करून काढले, पऱ्या ओलांडून पुन्हा खालच्यावाडीच्या विहिरीत नेऊन सोडले, आणि 'प्रकल्पाच्या मालमत्तेची विनापरवाना हलवाहलव' अशी लेखी समज अर्जदारास दिली. मासे आणायला एक बाई पुरली होती. परत न्यायला दोन सरकारी माणसे आणि एक जीप लागली. अर्जदार त्या दिवशी हसला होता. आता ते हसणे आठवले की त्याचे त्यालाच कसेसे होते.

७. गौरीच्या सणाला मुंबईची माणसे आली, घरे भरली, आणि ताप आला. वाडीत ज्या घरी आरत्या त्या घरी कण्हणे. कमळा माजघरात पडली. डोळ्यांच्या मागे कोणी खिळे ठोकतो आहे असे म्हणे, अंगाला वारा लागला तरी विव्हळे. अर्जदाराचा मुलगा शिवा गोदीत कामाला आहे. तो गौरीसाठी रजा काढून आला होता. ती सारी रजा त्याने बायकोच्या उशाशी बसून काढली आणि ती शुद्धीवर नीट यायच्या आत त्याला परत जावे लागले. नात मैना उंबऱ्यावर बसून आईला नुसत्या हाका मारी. खालच्यावाडीत त्या काळात ताप नव्हता. पऱ्याच्या पलीकडून त्यांचे भजन ऐकू येत होते.

इथे न्यायाने हेही लिहिले पाहिजे की, आपण स्वतः आलात. चिखल तुडवीत आलात, संध्याकाळपर्यंत कमळाजवळ बसलात, आपल्याजवळचे ग्लुकोज तिला चमच्याने पाजलेत, आणि तिचा घाम आपल्या रुमालाने पुसलात. अर्जदाराने त्या वेळी आपल्याला मनातल्या मनात हात जोडले होते. ते जोडलेले हात आता सोडवता येत नाहीत, हीच त्याची खरी अडचण आहे. विंचू ज्याने पाळला त्यानेच उतारा दिला, तर माणसाने रागवावे तरी कसे? तरी पण अर्जदार रागावला आहे आणि तो राग बरोबर आहे अशी त्याची खात्री आहे.

कमळा उठली. तिचे रक्त आपण नेले होते, त्याचा निकाल शिमग्याच्या सुमारास आमच्या ओटीवर बसून सांगितलात. डेंग्यूच. मग आपण समजावून दिलेत की, या तापाच्या चार जाती असतात. एकीतून उठलेल्या माणसाला पुढे दुसऱ्या जातीचा ताप झाला, तर तो पहिल्यापेक्षा जिवावरचा ठरू शकतो. हिरड्यांतून, नाकातून, पोटातून रक्त जाते, आणि ताप उतरला असे वाटते त्याच वेळी माणूस खचतो. "म्हणूनच," आपण म्हणालात, "वरच्यावाडीचा दुसरा पावसाळा आमच्या दृष्टीने अत्यंत मोलाचा आहे."

साहेब, आपण हे बोललात तेव्हा कमळा आपल्यापुढे चहाची बशी ठेवीत होती.

तो चहा उचलून आपल्या तोंडावर फेकावा असे अर्जदारास वाटले. त्याने तो फेकला नाही, कारण तेवढ्यात कमळा म्हणाली, "सायेब, साखर पुरली काय?" आणि आपण "पुरली, पुरली" म्हणालात. अर्जदारास त्या दिवशी पहिल्यांदा कळले की आपण दुष्ट नाही. दुष्ट माणसाने आवाज खाली केला असता.

८. जूनच्या अर्जाचे आपले उत्तर आल्यावर अर्जदार समक्ष भेटीसाठी रत्नागिरीस आला होता. आपण फिरतीवर होता. कचेरीतल्या कारकुनाने बसा म्हणून सांगितले नाही, म्हणून अर्जदार शेजारच्या आपल्या बंगल्याच्या मागच्या पायरीवर बसला. बंगल्याच्या खिडक्यांना बारीक जाळ्या ठोकलेल्या आहेत, त्या पाहिल्या. थोड्या वेळाने आपल्या पत्नी मागच्या अंगणात आल्या आणि मोलकरणीच्या मदतीने पिंप आडवे करू लागल्या. पिंपात चांगले अर्धे पाणी होते. अर्जदाराने हात लावला. ते पिंप ओतायला त्याने मदत केली, हे आपणास ठाऊक नसेल.

बाईसाहेब फार चांगल्या आहेत. त्यांनी चहा दिला, लाडू दिला. पाणी का ओतले म्हणून विचारले तर हसून म्हणाल्या, "डॉक्टरांची शिस्त आहे हो. दर शनिवारी घरातले सगळे पाणी काढायचे, भांडी घासून कोरडी करायची. अंड्यापासून डास उडायला आठवडा तरी लागतो म्हणे, त्याच्या आत ओतले की झाले. आमची छोटी घरात आहे ना, मी एक शनिवार चुकवत नाही." मग त्यांनी विचारले, "तुमच्याकडे नाही का करत असे?"

 अर्जदाराने लाडू खिशात घातला आणि एस. टी. स्टँडवर येऊन कुत्र्याला टाकला. लाडवाची काही चूक नव्हती.

९. साहेब, औषध महाग असेल. यंत्र एकच असेल. मासे मोजके असतील. ते नाही मिळाले म्हणून अर्जदाराने पुन्हा एक अर्ज केला असता आणि पुन्हा उत्तराची वाट पाहिली असती, त्याचा तो जन्माचा धंदा आहे. पण इथे तर फक्त पाणी ओतायचे होते. ते गोदा आपणहून ओतीत होती, आणि आपण तिचा हात धरलात. स्वतःच्या लेकीसाठी दर शनिवारी जे करायला सांगता तेच आमच्या मैनाच्या घरात करू नका म्हणून माणसे पाठवलीत. वर देवीचा शिक्का मारलात.

डासांचा अभ्यास करू नये असे अर्जदाराचे म्हणणे नाही. या तापावर औषध नाही, ते शोधायला कोणी तरी बसलेच पाहिजे, एवढे त्याला कळते. खालचीवाडी गेल्या पावसात सुखरूप राहिली ती आपल्यामुळे, हेही कळते. उद्या आपल्या आकड्यांवरून दहा जिल्ह्यांतल्या बायका वाचतील, वाचोत. पण ज्याच्या जिवावर आकडा मांडायचा त्या माणसाला आधी विचारावे लागते, आणि त्याला कळेल असे विचारावे लागते. देवीला विचारून भागत नाही. ताप देवीला येत नाही.

१०. अर्जदाराने हे सर्व घरी येऊन सांगितले. गोदाने ऐकून घेतले, पदर खोचला आणि माजघरातला रांजण दोन्ही हातांनी ओढीत अंगणात आणून आडवा केला. दादू गुरव धावत आला. त्याला ती म्हणाली, "देवीला जाऊन सांग, पाष्ट्याच्या गोदान पानी ओतलान. काय कराचा असंल ता मला कर म्हनावा, पोराना नुको."  दादू खाली वाकला आणि रांजण घासू लागला. त्या संध्याकाळी वाडीत बऱ्याच घरांचे पाणी ओतले गेले.

बऱ्याच म्हणजे सगळ्या नव्हे. कौल मोडला ही धास्ती अजून पुष्कळांच्या मनात आहे. ओतलेली भांडी लगेच दुसऱ्या दिवशी भरून पुन्हा तशीच ठेवणारी घरे आहेत, आणि एका घरातला डास घर मोजून चावत नाही. सबब अर्जदाराच्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत :

(अ) आपण स्वतः काजरोळीस येऊन वाघजाईसमोर उभे राहावे आणि गेल्या वैशाखात इंग्रजीत काय ठरवले होते ते मराठीत, सगळ्यांना ऐकू येईल असे, मोठ्याने सांगावे. त्यानंतर दादू नवीन गाऱ्हाणे घालील. याशिवाय वाडी मोकळी होणार नाही. यास अंधश्रद्धा म्हणू नये. ती सोयीची होती तेव्हा आपण म्हणाला नाहीत.

(ब) पाणी ओतू नये ही सूचना लेखी मागे घ्यावी.

(क) खालच्यावाडीस जे जे दिले ते वरच्यावाडीस याच पावसात द्यावे. मासे आम्ही स्वतः आणू, फक्त ते परत नेऊ नयेत.

मागण्या मान्य न झाल्यास अर्जदार उपोषणास बसेल असे शेवटी लिहिण्याची पद्धत आहे. अर्जदार बसणार नाही. भातातले तण काढायची बेणणी चालू आहे आणि उपाशी माणसाच्याने ती होत नाही. परंतु आपली माणसे यापुढे बॅटरी घेऊन आली तर त्यांना वरच्यावाडीत कोरडी भांडी दिसतील.

येणेप्रमाणे हा अर्ज रागाने परंतु पूर्ण शुद्धीवर राहून लिहिला असून, त्यावर त्याच रीतीने विचार व्हावा ही विनंती.

आपला (रिवाजापुरता) नम्र,
गंगाराम भागोजी पाष्टे
मौजे काजरोळी, २ ऑगस्ट १९८६

सोबत : आपले उत्तर, मूळ प्रत. अर्जदारास ती घरात ठेवावयाची नाही.

ता. क. (६ ऑगस्ट, सकाळ) : वरील अर्ज पाकिटात घालून ठेवला होता. पावसाने एस. टी. बंद पडली म्हणून तो घरीच राहिला. त्याच दिवशी दुपारी कमळाच्या अंगात ताप भरला. गोदाने पाणी ओतले ते उशिरा झाले, किंवा शेजारच्या घरातला डास चावला, ते आता कळायला मार्ग नाही. काल संध्याकाळी ताप उतरला. घरात सगळ्यांना बरे वाटले, मैना आईजवळ जाऊन निजली. अर्जदाराला बरे वाटले नाही, कारण आपण ओटीवर सांगितलेले त्याच्या ध्यानात होते. आज उजाडता कमळाने चूळ भरली तर रक्त आले. आता तिचे हातपाय गार पडत आहेत, पोटात दुखते म्हणते आणि विचारले तर उत्तर उशिरा देते.

वाडीचा कच्चा रस्ता पावसाने जीपला चालण्याजोगा राहिलेला नाही, म्हणून वाडीतली माणसे तिला डोलीत घालून सडा उतरत आहेत. डोली हमरस्त्याला, मालगुंडच्या फाट्यावर, दुपारपर्यंत पोचेल. तिथून पुढे न्यायला आमच्याकडे वाहन नाही. आपली जीप फाट्यावर उभी करावी आणि आपण स्वतः जीपमध्ये असावे. या तापाची ओळख आपल्याइतकी आसपास कोणाला नाही, हे अर्जदार जाणतो. गेल्या वर्षीचे तिचे रक्त आपल्याकडे आहे, ते बघायचे असेल तर निघण्याआधी बघावे. आता नवे घ्यायचे असेल तर तेही घ्यावे. आकडे लिहायचे असतील तर लिहावे. तिने अजून कशालाच नाही म्हटलेले नाही.

हा कागद घेऊन आलेला आत्माराम आमचा शेजारी आहे. तो जवळच्या आडवाटेने, पऱ्या पोहून, मिळेल त्या गाडीने आला असेल आणि आपल्या दारात उभा असेल. त्याच्या हाती उत्तर देऊ नये, त्यालाच जीपमध्ये बसवावे, तो फाटा दाखवील.

वर लिहिलेला एकही शब्द मी मागे घेत नाही. पण साहेब, या.

गंगाराम